नाव राखणाऱ्या कायद्यास, जांब समर्थहून

प्रति,
मा. बौद्धिक संपदा कायदा साहेब,
मुक्काम निश्चित नाही (ट्रेडमार्क-पेटंटच्या कामी मुंबई, भौगोलिक मानांकनाच्या कामी चेन्नई, पिकांच्या वाणांच्या कामी दिल्ली)

विषय : आमच्या मोसंबीचे नाव, आमच्या कंपनीचे नाव व आपली गाठ न पडणे याबाबत.
संदर्भ : आपले पत्र आलेले नाही.

महोदय,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आमच्याकडं सर्व कुशल आहे. अंबे बहार उतरायला लागलाय. यंदा गळ जरा जास्तच झाली, पण झाडावर टिकलेलं फळ चांगलं पोसलंय. कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला व्यापाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्यात, आणि महिनाअखेरीच्या आत आमच्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची आहे. तोडणी आणि सभा दोन्ही सप्टेंबरातच याव्यात असं ज्यानं ठरवलं, त्याच्या घरी बाग नसावी.

मी इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक. दहा शेतकरी जमले की अशी कंपनी काढता येते, संचालक पाचापेक्षा कमी आणि पंधरापेक्षा जास्त नकोत, आणि शेअर कमी असोत की जास्त, माणशी मत एकच. 2002 साली ही सोय कंपनी कायद्यात झाली. तो कंपनी कायदा आपला चुलतभाऊ लागतो हे मी जाणून आहे. त्याचं आमच्याकडं येणं-जाणं चालू असतं, जरा जास्तच चालू असतं. आपण मात्र कधी इकडं फिरकत नाही. म्हणून चार लोकांसमक्ष, उघडं पत्र लिहायची वेळ आली. राग नसावा.

आधी भावाबद्दल दोन शब्द बोलते, म्हणजे मन मोकळं होईल. सात-बाऱ्यावर माझं नाव चढायला सासरी येऊन बरीच वर्षं जावी लागली. संचालक ओळख क्रमांक मात्र आधार, पॅन आणि फोटो दिल्याबरोबर मिळाला. घरच्यांनी पेढे वाटले. पेढे संपल्यावर सीए साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि पुढचं सांगितलं. ताळेबंदाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक, असे दोन फॉर्म सभेनंतर ठरल्या दिवसांत गेले नाहीत, तर दर फॉर्मला रोजचे 100 रुपये. त्याला वरची मर्यादा नाही. वर्षभर तुंबलं तर 73,000 रुपये झाले. तीन वर्षं सलग तुंबलं, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. सप्टेंबर 2017 मध्ये सरकारनं या एका कलमाखाली तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले होते. त्यात नुसत्या सहीपुरत्या घेतलेल्या किती बायका असतील, देव जाणे. भावाला ते कळत नाही. त्याच्या लेखी संचालक म्हणजे संचालक, मग तिला ताळेबंद दाखवलेला असो की नसो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलंय, वाचल्याशिवाय सही नाही. त्यावरून बैठका लांबतात, चहा दोनदा होतो. होऊ दे.

आता आपल्याविषयी.

आपली-आमची ओळख कंपनीच्या कितीतरी आधीची आहे. आपण आमच्या घरात शिरलात ते कपाशीच्या पाकिटातून. जालना म्हणजे बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथंच महिको काढली, भेंडीच्या आणि मग ज्वारी-बाजरी-कपाशीच्या बियाण्यांवर नाव कमावलं, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळात बियाण्याच्या धंद्याला आपली फारशी गरज पडत नव्हती. हायब्रीडचं बियाणं दुसऱ्या वर्षी पेरलं की पीक एकसारखं येत नाही, कुठं उंच तर कुठं बुटकं. ज्या दोन वाणांच्या संकरातून ते होतं ते नर-मादी वाण कंपनीच्या कुलपात. म्हणजे राखणदार बियाण्याच्या पोटातच बसलेला. धंद्यातलं गुपित राखण्यासाठी आपल्या देशात आजही वेगळा कायदा नाही, करारावर आणि विश्वासावर चालतं. जालन्यातल्या लोकांनी त्यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या केल्या.

मग बीटी आली. मार्च 2002 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या भागीदारीतल्या कंपनीकडं ते तंत्र होतं, आणि देशभरातल्या बियाणे कंपन्या तिच्याकडून परवाना घेऊन बियाणं विकायच्या. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात. सासऱ्यांनी ते हातात घेऊन खाली-वर केलं आणि दुकानदाराला विचारलं, ‘‘ह्याच्यात सरकी आहे का मोती?’’ दुकानदार हसला. मोती नव्हते, आपण होता. त्या किमतीतला मोठा हिस्सा बोंडअळी मारणारा जो गुण सरकीत घातला होता, त्याच्या मालकीचा होता. आम्ही कैक वर्षं आपल्याला पैसे मोजले आणि आपलं तोंडही पाहिलं नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारं घरात कुणी नव्हतं, आणि ती मराठीतही नव्हती.

पुढं सरकारनं किमतीला हात घातला. डिसेंबर 2015 मध्ये दरनियंत्रणाचा आदेश निघाला, 2016 मध्ये पाकिटामागचं ते मालकीशुल्क 49 रुपयांवर आणलं, आणि 2020 मध्ये शून्य केलं. तिकडं कोर्टात वेगळंच चाललं होतं. परवान्याच्या पैशांवरून मोन्सँटो आणि हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सचं बिनसलं. पेटंट कायद्यात झाडं, बियाणं आणि वाण यांना पेटंट नाही असं कलम आहे. मग बियाण्यात घातलेल्या जनुकाला असतं का? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एप्रिल 2018 मध्ये पेटंटच रद्द केलं. 8 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असं घाईनं नको, पुरावा घ्या, मूळ दावा नीट चालवा. आणि 2021 मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी आपसांत मिटवून टाकलं. मोठ्या घरची भांडणं अशीच मिटतात. प्रश्न होता तिथंच राहिला. आपण एवढे नामांकित, आणि इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पण आपल्याच घरातल्या एका लेकराचे आभार मानल्याशिवाय पुढं जाणार नाही. 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या 39 व्या कलमात लिहिलंय की शेतकऱ्यानं आपल्या पिकाचं बियाणं राखावं, पेरावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. फक्त कंपनीच्या नावाचं पाकीट करून विकू नये. 2019 मध्ये पेप्सिको कंपनीनं गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले, त्यातल्या चौघांकडून माणशी कोटीवर रुपये मागितले, ते नोंदवलेला वाण विनापरवाना लावला म्हणून. देशभर बोंब झाली आणि मे महिन्यात दावे मागं घेतले गेले. हे कलम पुस्तकात होतं म्हणून त्या बोंबेला जोर होता. जगात फार थोड्या देशांनी शेतकऱ्याला अशी मोकळीक लिहून दिली आहे. आपण ती दिलीत. सासरे असते तर पाटावर बसवून ओवाळायला लावलं असतं.

ओवाळून झालं. आता तक्रार.

आम्ही ठरवलं, की मोसंबी टनावारी गाडीत ओतून द्यायची नाही. प्रतवारी करायची, खोक्यात भरायची, आपल्या नावानं विकायची. नाव ठरवायला संचालकांची बैठक बसली. अध्यक्षस्थानी अण्णा. ते म्हणाले, ‘‘समर्थ.’’ आणि वही मिटली. त्यांच्या मते विषय संपला होता.

अण्णांचं चूक नाही. आमच्या गावात समर्थांचं नाव घेतल्याशिवाय साधी टपरी उघडत नाही. 1608 साली नारायण सूर्याजी ठोसर इथंच जन्मले, पुढं ते रामदास झाले आणि गाव जांबचं जांब समर्थ झालं. किराणा समर्थ, कृषी सेवा केंद्र समर्थ, रसवंती समर्थ, बचत गट समर्थ. पलीकडं अंबड तालुक्यात साखर कारखानासुद्धा समर्थ. चारशे वर्षं हे नाव सगळे वापरतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. मी एवढंच म्हटलं, की संभाजीनगरच्या वकीलबाईंना एकदा विचारून घेऊ. आणि आपली गाठ पडली.

वकीलबाईंनी संगणकावर शोधून दाखवलं. समर्थ नावाचे अर्जांवर अर्ज. त्या म्हणाल्या, एक तर हा शब्द आधीच शंभर जणांनी धरलाय. दुसरं, हा गुणवाचक शब्द आहे, मालाची नुसती स्तुती करणाऱ्या शब्दावर एकट्याची मालकी सहसा मिळत नाही. तिसरं, लोकांच्या धार्मिक भावना जिथं गुंतल्यात तिथं 9 व्या कलमाची आडकाठी. मग त्यांनी ‘रामायण’ अगरबत्तीची गोष्ट सांगितली. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याला उदबत्तीसाठी रामायण हा ट्रेडमार्क हवा होता. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्याला हक्क सांगता येणार नाही. अण्णांना हे मनापासून पटलं. रामायण सगळ्यांचं, बरोबर आहे. पण त्याच न्यायानं समर्थही सगळ्यांचे, हे पटायला त्यांना दुपार लागली.

‘‘मग जांब ठेवा,’’ अण्णा म्हणाले. गावाचं नावही सहसा मिळत नाही. ‘‘गोडी?’’ वर्णन झालं. ‘‘रसाळ?’’ तेच. वकीलबाई म्हणाल्या, असा शब्द आणा ज्याचा मोसंबीशी काही संबंध नाही. अण्णा म्हणाले, ‘‘संबंध नाही तर गिऱ्हाइकाला कळायचं कसं, की आत मोसंबी आहे?’’ साहेब, यावर आपलं काय म्हणणं आहे? गिऱ्हाइकाला बोलका शब्द लागतो आणि आपल्याला मुका आवडतो. शेवटी अण्णांच्या नातीनं एक शब्द सुचवला. त्याला कसलाच अर्थ नाही. वकीलबाईंना फार आवडला. अर्ज अजून चालू आहे म्हणून तो इथं छापत नाही.

त्यात आणखी एक. ताजं फळ 31 व्या वर्गात, रस 32 व्या वर्गात, मुरंबा 29 व्या वर्गात. लहान उद्योगाला दर वर्गाला 4,500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची. आमच्या घरी हे तिन्ही एकाच ओट्यावर होतात. आपण त्यांची तीन घरं केलीत आणि तीन पावत्या फाडल्या. पैसे भरायला ना नाही. पण अण्णांनी बैठकीत विचारलेला प्रश्न आपल्यापर्यंत पोचवते, ‘‘सालीचं लोणचं घातलं तर चौथा वर्ग लागंल का?’’ लागत नाही, ते मुरंब्याच्याच वर्गात बसतं. एवढं तरी बरं केलंत.

खोक्याचा नमुना छापायला जालन्याला गेले, तर छपाईवाल्यानं नावाच्या डोक्यावर गोलातला इंग्रजी ‘आर’ टाकून दिलेला. आम्ही सांगितला नव्हता. म्हणाला, ‘‘फुकट टाकलाय ताई, भारी दिसतो.’’ नोंदणी झालेली नसताना तो गोल लावणं हा गुन्हा होता, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं कैद गेली, दंड राहिला. आणि कंपनीच्या हातून चूक झाली तर कारभार पाहणाऱ्या संचालकाला ‘मला काय ठाऊक’ म्हणून सुटता येत नाही, ते सिद्ध करावं लागतं. मी त्या मुलाला म्हटलं, भारी दिसतो खरा, पण हा गोल काढ आणि त्या जागी ‘टीएम’ अशी दोन अक्षरं घाल. ती अर्जाच्या काळातही चालतात. त्यानं काढला. नाराज झाला. बाजूला त्याच्या भिंतीवर तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पिशव्या लटकत होत्या आणि त्यातल्या कितीतरींवर तो गोल होता. छपाईवाल्यांची आपण एकदा बैठक घ्याल तर बरं होईल.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र कंपनीच्या नावाचा आहे. आमच्याकडं दहातले नऊ संचालक छातीठोकपणे सांगतील, की कंपनी नोंदवली म्हणजे नाव आपलं झालं. आपण दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाही हे लोकांना कोण सांगणार? कंपनी निबंधक नाव देतो ते कंपनीपुरतं. त्या नावानं कुणी आधीच ट्रेडमार्क घेतलेला असेल, तर तो कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो आणि कंपनीला नाव बदलावं लागू शकतं. तोवर बोर्ड रंगवलेला असतो, पावतीपुस्तकं छापलेली असतात, बँकेत खातं असतं. दोन्ही घरांनी मिळून एकच यादी का ठेवू नये? सोयरीक जमवताना दोन्हीकडचं गोत्र एकदमच बघतात.

उलट बाजूनं आपण एक चांगलंही केलंय. नोंदणी कुणाचीही असो, त्याच्या आधीपासून जो प्रामाणिकपणे नाव वापरतोय त्याला हुसकता येत नाही. पुण्याच्या बर्गर किंग हॉटेलचं प्रकरण वकीलबाईंनी सांगितलं. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीनं 2011 मध्ये दावा लावला. ती भारतात दुकान घेऊन आली 2014 मध्ये, आणि पुण्याचं हॉटेल नव्वदच्या दशकापासून चालू. 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं दावा फेटाळला. प्रकरण वर अपिलात गेलं, तिथं काय व्हायचं ते होईल. आम्ही त्यातून उचललं ते एवढंच, की पहिलं बिलबुक जपायचं. आमच्या सासूबाई पत्र्याच्या पेटीत 1987 पासूनच्या खताच्या पावत्या ठेवतात, आणि घरातले सगळे त्यांना हसतात. कंपनीचं पहिलं बिलबुक मी त्याच पेटीत ठेवलंय. आता हसत नाहीत.

साहेब, या गावात चोरी काय असते ते आम्ही पाहिलंय. ऑगस्ट 2022 मध्ये समर्थांच्या देवळातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. गाव जेवलं नाही. पोलिसांची पथकं गेली, विधानसभेत विषय निघाला, आणि त्याच वर्षी मूर्ती परत मिळाल्या. सकाळी पुजारी गाभाऱ्यात गेले आणि जागा रिकामी दिसली, म्हणून कळलं. नावाचं तसं होत नाही. जालना मोसंबी हे नाव रोज कुठं ना कुठं गळतं आणि गाभारा भरलेलाच दिसतो.

2016 साली आपण जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन दिलंत. पेपरात फोटो आला, फटाके वाजले. त्याच सुमारास मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही दिलंत, आणि 2024 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला. उपकार विसरणार नाही. हे मानांकन कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्यानं देता येत नाही. अधिकृत वापरकर्ता गेला तर हक्क वारसाकडं जातो. माझ्या वाचनात आलेलं हे आपलं सर्वांत शहाणं कलम. कंपनी उद्या बुडाली तरी बँकेला मोसंबीचं नाव उचलून नेता येणार नाही.

पण झालं काय? बाग अजूनही गुत्त्यानं जाते. व्यापारी तोडून कॅरेट भरतो, कॅरेटवर त्याच्या फर्मचं नाव, गाडी दिल्लीला नाहीतर जयपूरला. तिथून पुढं ती नुसती मोसंबी. मागं पुण्याच्या भाचीनं मॉलमधून आणलेल्या फळाचा फोटो पाठवला, ‘मामी, आपल्याकडचं आहे का बघ’ म्हणून. पातळ साल, देठाजवळच्या बारीक रेघा, बुडाला नाण्याएवढं गोल वळं; आमच्याकडचंच असणार. स्टिकरवर दुकानाचं नाव होतं, किलोचा भाव होता, बारकोड होता. जालना कुठंही नव्हतं. इथं कुणी खोटं लिहिलेलं नाही, त्यामुळं आपल्याकडं तक्रारही करता येत नाही. खरंच कुणी लिहिलं नाही, एवढंच.

आणि समजा उद्या कुणी परप्रांतातलं फळ जालन्याचं म्हणून विकलं, तर भांडायचं कुणी? 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या. आपल्याकडं संताप झाला. कोल्हापुरीला 2019 पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून मानांकन आहे. काही वकिलांनी जनहित याचिका केली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळली, की मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत, त्यांनी यावं, तुम्ही कोण? तो निकाल मी दोनदा वाचून घेतला. म्हणजे अख्खं राज्य चिडलं तरी आपण दार उघडणार ते ज्याचं नाव वहीत आहे त्यालाच. पुढं प्राडानं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, तो वहीत त्यांची नावं होती म्हणून.

तेव्हा आमच्या कंपनीनं ठराव केला, की सर्व सभासदांनी मोसंबीचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवायचं. फी किती? 2020 पासून अवघे 10 रुपये. आपण एवढे उदार असाल असं वाटलं नव्हतं. मग अर्ज उघडला. हिंदीत करा किंवा इंग्रजीत करा. मालाचं वर्णन, लागवडीचा तपशील, शपथपत्र. पाठवायचं चेन्नईला. आमच्या एका सभासदानं हिशेब मांडला : दहा रुपयांच्या फीसाठी मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स, टायपिंग, परतूर-जालना एसटी आणि बुडालेली मजुरी. वर त्यानं विचारलं, ‘‘आणि हे करून किलोमागं किती वाढून मिळणार?’’ खोटं कसं बोलू? आज तरी काही नाही. व्यापारी मानांकनाचे पैसे देत नाही. खोक्यावर नाव लिहून, गिऱ्हाईक दोन-चार वर्षं सांभाळून, मग कदाचित. तरीही मी अर्ज भरून घेतेय. भांडायची वेळ आली तर वहीत नाव असलेलं बरं, आणि ती वेळ सांगून येत नाही.

समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिलाय. अक्षर कसं काढावं, ओळी कशा धराव्यात, शाई-लेखण्या-कागद कसे सांभाळावेत, इतकं बारीक. त्या ग्रंथावर आपला काडीचा हक्क नाही; लेखकाच्या पश्चात साठ वर्षं एवढीच आपली धाव, आणि समर्थ सतराव्या शतकातले. कुणीही छापावा, कुणीही वाटावा. पण ज्या गावानं कागद नीट ठेवायला शिकवणारा माणूस दिला, त्या गावच्या कंपनीच्या इतिवृत्ताच्या वहीत मागच्या सभेपर्यंत ‘चर्चा झाली, सर्वानुमते ठरले’ एवढंच असायचं. काय ठरले ते नाही. आता मी मुद्दे घालून लिहिते. कुणी कुठलं नाव सुचवलं, कुठल्या तारखेला, कुणी विरोध केला. अण्णा म्हणतात, एवढं लिहून कोर्टात जायचंय का? मी म्हणते, जायला लागू नये म्हणून लिहितेय.

तर विनंती अशी. आपली शिबिरं होतात असं ऐकते, पण ती संभाजीनगरला गार हॉलमध्ये, आणि बोलणारे बोलतात ते आम्हाला निम्मं कळत नाही. रामनवमीला आमच्याकडं उत्सव असतो, पंचक्रोशी लोटते. देवळाच्या बाहेर मांडवात एक टेबल टाका. मराठीत छापलेले अर्ज ठेवा, नोटरीला सोबत आणा, जे भरलं जाईल ते तिथंच चेन्नईला रवाना करा. येताना भावालाही आणा, बायका-संचालकांना ताळेबंद कसा वाचायचा ते त्यानं समजावून सांगावं. पोलीस भरतीची माहिती देणारे येतात, आरोग्य शिबिरवाले येतात, ठिबकवाले येतात. आपणच काय ते मोठे लागून गेलात? मुक्काम आमच्याकडं करा. जेवण प्रसादाचं, त्यात मोसंबीचा रस आमच्या कंपनीकडून. तो कुठल्या वर्गात बसतो हे त्या दिवशी विचारू नका.

सर्वसाधारण सभेची नोटीस नियमाप्रमाणे चौदा दिवस आधी काढली आहे. एक प्रत सोबत जोडली आहे. विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर आपण आहात, अल्पोपाहाराच्या आधी, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत.

कळावे, लोभ असावा. वडिलांस नमस्कार, धाकट्या वाण कायद्यास आशीर्वाद.

आपली,
एक संचालक,
जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना

ता. क. फॉर्म भरताना आपल्या दोघा भावांकडून जो ओटीपी येतो, तो काही मिनिटांत मरतो. तोडणीच्या दिवसांत माझा फोन मुकादमाकडं असतो आणि मुकादम बागेच्या दुसऱ्या टोकाला. मुदत निदान अर्धा तास करावी.